ज्याचं घर त्यानं म्हणायचं

"तो म्हणतोय, रेकॉर्डच लावायची असेल तर मला कशाला बोलावता, खुर्ची रेकॉर्डलाच द्या," ओरोसिया म्हणाली.

उर्बेसने बायकोकडे डोळे वटारून पाहिलं. त्याने ओठ हलवून नुसतं 'नको' म्हटलं होतं, बाकीची भर तिची होती. कॅन्सरमुळे त्याचं स्वरयंत्र काढून टाकलं, तेव्हापासून त्याचे ओठ वाचून जगाला सांगायचं काम तिच्याकडे आलं होतं. ते ती इमानेइतबारे करायची, फक्त पदरचं तिखटमीठ घालून.

समोर नगरपालिकेतली इसार्बे कॉफीचा कप हातात धरून अवघडून बसली होती. धरणात बुडालेल्या बेरालूस गावाची आठवण म्हणून शनिवारी कार्यक्रम होता आणि उर्बेसचं गाणं नसेल तर त्या कार्यक्रमाला काही अर्थच नव्हता.

"मग काका, तुम्ही गिटार वाजवा. घरांची नावं मी शाळेतल्या मुलांकडून पाठ करून घेते. तुम्ही नावं सांगा फक्त. गोड म्हणतील हो मुलं."

उर्बेसचे ओठ हलले. या वेळी ओरोसियाने काही भर घातली नाही.

"ज्याचं घर, त्यानं म्हणायचं."

"मग काकू, तुम्ही म्हणा की! तुमचंही घरच ना ते?"

"माझं कसलं गं? माझं लग्न झालं तेव्हा ते घर पाण्याखाली होतं. त्याचा उंबरासुद्धा मी ओलांडलेला नाही. मला तो अधिकार नाही."

बेरालूसमध्ये माणसाला आडनाव असायचं ते फक्त सरकारी कागदांपुरतं. एरवी तो अमक्या घरचा म्हणूनच ओळखला जायचा. धरणाचं पाणी चढायच्या आधी सरकारने ती घरं सुरुंग लावून पाडली, तेव्हा उर्बेस वीस वर्षांचा होता. सारागोसा शहरात जाऊन तो एका कारखान्यात खोकी उचलायला लागला, जुनी गिटार विकत घेतली आणि एक गाणं केलं. त्या गाण्याच्या चौथ्या कडव्यात ना राग होता ना मागणी. नुसती घरांची नावं होती, वरच्या गल्लीपासून नदीपर्यंत, एकामागून एक.

तेव्हा हुकूमशाही होती. सेन्सॉरच्या साहेबाने नेमकं तेच कडवं लाल पेन्सिलीने खोडलं.

मग उर्बेसने एक युक्ती केली. चौथं कडवं आलं की तो तोंड मिटून नुसती गिटार वाजवायचा, आणि प्रत्येक ओळीनंतर थोडा थांबायचा. त्या थांबण्यात अंधारातून त्या त्या घरचं माणूस आपल्या घराचं नाव पुकारायचं. बंदी गायकाला होती, ऐकणाऱ्याला बंदी घालायचं कुणाला सुचलं नव्हतं. पहिल्या रांगेत त्याची आई बसायची. त्यांचं घर, लाप्लानाचं, नदीकाठी होतं, म्हणून तिची पाळी सगळ्यात शेवटी यायची, आणि ती इतक्या जोरात ओरडायची की लोक हसायचे.

ते दिवस भरभराटीचे होते. सभागृहं तुडुंब भरायची, एक रेकॉर्ड निघाली, वर्तमानपत्रात फोटो आले. पुढे हुकूमशाही संपली, काय हवं ते बोलायची मुभा मिळाली आणि उर्बेसच्या गाण्यातली हवाच गेली. लोकांना नाचायचं होतं. ते नाचले, त्यात त्यांचं काही चुकलं नाही. उर्बेस काही वर्षं लग्नांत गायला, मग निवृत्त होईपर्यंत शाळेची बस चालवली. त्या रेकॉर्डवरही चौथ्या कडव्यात नुसती गिटारच आहे. बंदी उठल्यावर त्याला ती नावं म्हणता आली असती, पण त्याला वाटायचं, घरची माणसं आहेत, मी कशाला मध्ये तोंड घालू? माणसं सरत गेली. आणि म्हणावंसं वाटायला लागलं तेव्हा गळा गेला. ती नावं गिटारीबरोबर निदान एकदा, शेवटची, मोठ्यानं म्हटली जावीत, एवढंच आता त्याला हवं होतं.

शनिवारी सभागृह अर्धं भरलं होतं. सास्त्रेच्या घरची नुनिला चाकाच्या खुर्चीत बसून पुढे आली.

"आपल्यातलं कोण कोण आलंय गं?" ओरोसियाने विचारलं.

"मी आलेय की! दिसत नाही का, आतापासूनच मला मेली म्हणून धरलंस?" नुनिला म्हणाली. मग मान वळवून तिने मागे पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. "तो बघ. पाववाला आलाय."

शेवटच्या रांगेत दाराजवळ क्रेसेन्सियो बसला होता. पूर्वी इथे उर्बेसचे कार्यक्रम व्हायचे तेव्हाही तो तिथेच बसायचा, पोलिसाच्या गणवेशात. कोण कुठलं घर पुकारतं ते कान देऊन ऐकायचा. एका कार्यक्रमानंतर नुनिलाच्या नवऱ्याला ठाण्यावर नेलं. तिसऱ्या दिवशी तो परत आला तेव्हा त्याचा डावा कान कायमचा गेला होता. पुढे क्रेसेन्सियोने बेकरीवाल्याच्या मुलीशी लग्न केलं, नोकरी सोडली आणि इथेच राहिला. बेरालूसच्या माणसांनी त्या बेकरीतला पाव कधी घरात आणला नाही.

"त्याला हाकलून द्या," नुनिला म्हणाली.

उर्बेसने ओठ हलवले.

"तो म्हणतोय, बसू दे मेल्याला," ओरोसियाने सांगितलं. मेल्याला हा शब्द अर्थातच तिचा.

इसार्बेचं भाषण झालं आणि उर्बेसने गिटार घेतली. बोटं जड झाली होती, पण चाल बोटांत होती. पहिली तीन कडवी रेकॉर्डमुळे काही जणांना ठाऊक होती, त्यांनी ती गुणगुणली. मग चौथं आलं.

त्याने पहिली ओळ वाजवली आणि थांबला. हे फेरेरचं घर. त्या घरची माणसं फ्रान्सला गेली आणि तिकडेच संपली. कुणी बोललं नाही. दुसरी ओळ मोलिनेरोची. त्यांची शेवटची मुलगी गेल्या हिवाळ्यात वारली होती. तिसऱ्या ओळीनंतर नुनिला खुर्चीचे हात धरून अर्धी उठली आणि चिरक्या आवाजात ओरडली, "सास्त्रेचं घर!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिला वाटलं आता पुढचं येईल, म्हणून ती मागे वळून बघायला लागली. पण पुढचं काही आलं नाही. एक ओळ गेली, मग आणखी एक. कुणाचा तरी फोन वाजला आणि घाईघाईने बंद झाला. माणसं आता एकमेकांकडे न बघता जमिनीकडे बघत होती. उर्बेसला भयंकर एकटं वाटलं. इथेच थांबवावं, आणखी शोभा नको, असं त्याच्या मनात आलं, पण सवयीने बोटांनी पुढची ओळ वाजवलीच.

"लानूसाचं घर," दाराजवळून आवाज आला.

क्रेसेन्सियो टोपी हातात घेऊन उभा होता. आवाजात चाल नव्हती. हजेरी घ्यावी तसा तो बोलला होता.

"तू गप बस!" नुनिला ओरडली. "तुझं कुठलं रे घर तिथे?"

"माझं नाही, बाई."

"मग तोंड कशाला उघडतोस?"

"दर वेळी वरच्या साहेबाला ही सगळी नावं सांगावी लागायची. एक चुकलं तरी आईवरून शिव्या खायचो." तो घुटमळला. "नंतर विसरायला गेलो, पण जात नाहीत ती. गप बस म्हणत असाल तर बसतो."

सगळे उर्बेसकडे बघायला लागले. त्याने तारांवर हात ठेवला असता तर तो माणूस खाली बसला असता, आणि बसायलाच हवा होता. नुनिलाच्या नवऱ्याचा कान उर्बेस विसरला नव्हता. त्याला त्या सपाट आवाजाची शिसारी आली होती. पण ती नावं तोंडातून काढू शकेल असं दुसरं कुणी त्या सभागृहात उरलं नव्हतं.

त्याने पुढची ओळ वाजवली.

"चुआनाचं घर."

क्रम बरोबर होता. प्रत्येक ओळीनंतरच्या थांबण्यात तो माणूस नेमकं नाव घेत होता. नुनिलाने तोंड भिंतीकडे फिरवलं आणि तशीच बसून राहिली. तिचे खांदे हलत होते. वरच्या गल्लीपासून घरं खाली येत गेली, चर्चच्या मागची, मग ओढ्यावरची. एकही सुटलं नाही.

शेवटची ओळ आली. नदीकाठचं घर. उर्बेसने ती सावकाश वाजवली. दाराजवळ क्रेसेन्सियोने श्वास घेतला.

उर्बेसने तारांवर पंजा ठेवला. सूर तुटला.

क्रेसेन्सियोला ते कळलं. तो तोंड मिटून खाली बसला.

मग उर्बेसने मान वर केली, आणि आईची खुर्ची जिथे असायची त्या बाजूला पाहून ओठ हलवले. मोठ्यानं ओरडताना हलावेत तसे ते हलले. गळ्यातून फक्त हवा आली.

तो काय म्हणाला हे कळावं म्हणून सगळे ओरोसियाकडे वळले. इसार्बेने माइक तिच्यापुढे धरला. ओरोसियाला ते स्वच्छ वाचता आलं होतं. तिने माइक हाताने बाजूला केला आणि काही न बोलता बसून राहिली.