कॉम्प्युटरच्या खोलीची किल्ली

मैनाचा राग नाकावर असतो, असं साजगावच्या पेपर मिलमध्ये शिपायापासून साहेबापर्यंत सगळे म्हणायचे. साफ खोटं. नाकावर असता तर शिंकेसरशी उडून गेला असता. तिचा राग पोटात असायचा, राखेखालच्या निखाऱ्यासारखा, आणि दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सकाळीच गजानं त्यावर फुंकर घातली.

"तुज्या नव्या ड्रायव्हरनं गाडी खड्ड्यात घातली गं," तो दारातूनच म्हणाला. "फाटकावर ट्रक खोळंबलेत. चलन कुटं हाय?"

गजा हा माल रवाना करणाऱ्या खात्यातला कारकून. कागदाचे रीळ भरलेला ट्रक मिलबाहेर पडायचा तर कॉम्प्युटरवर छापलेलं चलन लागायचं. ते हातात पडल्याशिवाय फाटक उघडत नसे. आणि ड्रायव्हर म्हणजे प्रिंटरशी कसं बोलायचं हे कॉम्प्युटरला सांगणारा छोटासा प्रोग्राम. हे मैनानंच एकदा चहाच्या वेळी गजाला समजावून सांगितलं होतं. माकडाच्या हाती कोलीत दिल्यावर दुसरं काय होणार!

"ड्रायव्हर बरोबर आहे," ती म्हणाली. "दसऱ्याच्या आदल्या दिवशी याच ड्रायव्हरवर तुझी सगळी चलनं छापून दिली. तेव्हा बरा गप्प होतास."

"तवा चाललं, आज नाय चालत. मधी कोन आलं? तूच."

समोर प्रिंटर कण्हत होता. छापणारं डोकं डावीकडून निघे, अर्ध्या वाटेवर अडे, खडखडे, आणि परत येऊन तीच ओळ त्याच ओळीवर छापे. कागदावर नुसता काळा लपका. पडद्यावर एकच वाक्य, प्रिंटर तयार नाही. मैनाला त्या वाक्याच्या मुस्कटात मारावीशी वाटली.

आता त्या सिस्टीमची गोष्ट सांगायलाच हवी, नाहीतर मैनाला एवढं झोंबलं का ते कळायचं नाही. कॉम्प्युटर मुंबईच्या एका कंपनीनं विकला होता, पण आतली सिस्टीम कंपनीची नव्हती. एका इंजिनियरिंग कॉलेजातल्या मास्तरांनी आणि पोरांनी मिळून ती बांधली होती, आणि कुलूप न घालता ठेवली होती. तिचा मूळ प्रोग्राम कुणीही उघडावा, वाचावा, खोट दिसली तर दुरुस्त करून परत पाठवावा. मैना कल्याणला जाऊन कॉम्प्युटर शिकली, पण खरी शिकली ती हा प्रोग्राम वाचून. जुन्या ड्रायव्हरमध्ये चलनाची शेवटची ओळ गळायची, म्हणजे नेमका ट्रकचा नंबर. तिनं आठवडेच्या आठवडे डोकं घालून खोट शोधली, दुरुस्ती लिहिली आणि फ्लॉपी टपालानं धाडली. दसऱ्याच्या आधी कॉलेजाकडून नवी आवृत्ती आली, आणि तिच्यात ड्रायव्हरच्या माथ्यावर लिहिलं होतं: दुरुस्ती, मैना, साजगाव. एवढं कौतुक तिचं दहावीच्या निकालालाही कुणी केलं नव्हतं.

मिलमध्ये मात्र ती अजून तात्पुरतीच. कायम माणसाकडं आपापल्या खात्याची किल्ली असे; तात्पुरत्यानं रोज सकाळी फाटकावर जाऊन वॉचमनकडं मागायची. आणि फाटकावरचा वॉचमन होता चांगो, तिचा सख्खा बाप. दोघं दहिवलीहून एकाच एसटीनं यायची. एसटीत तो तिच्या डब्यातली भाकरी मोडून खायचा, आणि फाटकात शिरला की टोपी सारखी करून विचारायचा, "कंची किल्ली?" ऐकणारे फिदीफिदी हसायचे. मैना रोज मनात म्हणायची, ही किल्ली एक दिवस माझ्या पर्समध्ये येईल. मॅनेजर टिपणीस साहेबांनी शब्दही दिला होता, "दसरा होऊ दे, तुझं कायमचं बघू."

दसरा झाला, आणि हे असं झालं.

तिनं काय केलं नाही? जुना ड्रायव्हर परत घातला. तोच लपका. नवा घातला. तोच लपका. मग ती स्वतःच्याच दुरुस्तीवर उलटली. आपणच लिहिलेल्या ओळी पडद्यावर काढून चोरासारख्या एकेक तपासू लागली. जुन्यावरही चालत नाही म्हटल्यावर नव्यात खोट कशी असेल, हा साधा विचार त्या घटकेला सुचला नाही. दारात चार माणसं उभी राहून च्च-च्च करत असली की शहाण्याचंही डोकं फिरतं. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, अशी तिची गत झाली होती.

दुपारी टिपणीस साहेब आले, आणि त्यांच्यामागून टाय. टायच्या मागं माणूस होता, कॉम्प्युटर विकणाऱ्या कंपनीचा. साहेबांनी सकाळीच फोन लावला होता म्हणे. एरवी महिना महिना न फिरकणारी ही माणसं नवीन काही विकायचं असलं की उडत येतात.

"फुकटच्या सिस्टीमचं असंच असतं," टायवाला प्रिंटरकडं न बघताच म्हणाला. "ज्याला मालक नाही, त्याची जबाबदारी कुणावर? कुणीही उठतो आणि आत हात घालतो. आमची सिस्टीम बंद असते, साहेब. कुणाला हात घालताच येत नाही."

"मग बिघडली तर?" मैनानं विचारलं.

"तर आम्हाला बोलवायचं."

"आणि तुम्ही येईपर्यंत ट्रक फाटकावर कुजत ठेवायचे?"

"मैना!" टिपणीस दटावून म्हणाले. "अगं, ते आपल्या भल्याचं सांगतायत. संध्याकाळपर्यंत चाललं तर ठीक. नाहीतर उद्यापासून यांची सिस्टीम घालू. मग यांचाच माणूस इथं बसेल. तुला पॅकिंगमध्ये घेऊ, काळजी नको करूस."

काळजी नको करूस! तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पॅकिंग म्हणजे रिळांना गोणपाट गुंडाळायचं. त्यात कमीपणा काही नव्हता, तिची आई त्याच कामात झिजली होती. पण ज्या गुन्ह्याची चौकशीच झाली नाही त्याची शिक्षा म्हणून पॅकिंग? चोर सोडून संन्याशाला सुळी? तिनं दोघांच्या तोंडावर दार लोटलं. साहेबाच्या तोंडावर. तात्पुरत्या बाईनं.

त्या दारामागं तिचं डोकं जागेवर आलं. तिनं प्रिंटरची केबलच उपटली. प्रिंटरला स्वतःची चाचणी छापता येते. एक बटण दाबून धरून स्विच चालू केला की तो कॉम्प्युटरशिवाय आपली आपण अक्षरं छापतो. त्याचं डोकं सुटलं, अर्ध्या वाटेवर आलं, आणि खडखडून अडलं.

म्हणजे ड्रायव्हर निर्दोष. नवाही आणि जुनाही. मैना मोठ्यानं म्हणाली, "मेल्यांनो!" कुणाला म्हणाली ते तिलाही सांगता आलं नसतं.

तिनं स्विच बंद केला, स्क्रू काढले, झाकण उचललं. छापणारं डोकं एका दातेरी पट्ट्यावर मागंपुढं धावतं. त्या पट्ट्याच्या चाकात काहीतरी गच्च बसलं होतं. तिनं केसातली पिन काढली आणि ते उकरलं. भाताचा दाणा. सालीसकट. अजून दोन खाली सांडलेले, आणि तेलाला चिकटलेलं लांब कुसळ.

ती पाहातच राहिली. मिलभर दसऱ्याची पूजा झाली होती, हे तिला ठाऊक होतं. बॉयलरपासून वजनकाट्यापर्यंत सगळ्यांना झेंडूच्या माळा आणि भाताच्या नव्या लोंब्या लटकत होत्या. नवं बांधायचं, हा इकडचा रिवाज. दाराला बांधायचं, नांगराला बांधायचं, आता ट्रकला नि मशीनलाही बांधायचं. पण तिच्या खोलीत नाही. तिच्या दारावर तिनंच मोठ्या अक्षरांत चिठ्ठी लावली होती: या खोलीत हळद, कुंकू, फुले, नारळ आणू नये. सकाळी खोली उघडली तेव्हा आत एक पाकळीसुद्धा नव्हती.

दाणा तिनं उजेडात धरला. तांबड्या सालीचा, बारीक. आणि तिच्या पोटातला निखारा भडकून वर आला. दहिवलीच्या शिवारात असलं भात आता एकाच खाचरात व्हायचं. तिच्या आजीनं राखलेलं बियाणं, आणि आजीमागं चांगोनं हट्टानं राखलेलं. सगळं गाव नव्या बियाण्याकडं वळलं, तरी हा एक तुकडा त्यानं सोडला नव्हता.

तिनं चाक पुसलं, झाकण लावलं, केबल जोडली. नव्या ड्रायव्हरवर चलन सोडलं. प्रिंटर सरसर छापत गेला, शेवटच्या ओळीसकट, ट्रकच्या नंबरासकट. चलनं एका हातात आणि दाणा दुसऱ्या मुठीत घेऊन ती फाटकाकडं निघाली. वाटेत गजानं काहीतरी विचारलं. तिनं चलनं त्याच्या छातीवर आपटली आणि पुढं गेली.

चांगो स्टुलावर बसला होता. पोरीचा चेहरा बघून उठला.

"बा, माझ्या खोलीत तू गेला होतास?"

"गेल्तो," तो सरळ म्हणाला. "काल तुला सुट्टी व्हती तवा, नवं बांधाया. आन सांजच्याला निगताना सोडलं पन. पार झाडून काडलं. तुला राग नको म्हनून."

"चिठ्ठी नाही वाचलीस?"

"वाचली की. चौथी शिकलोय मी." चांगो बोटांवर मोजत म्हणाला, "हळद नाय नेली. कुकू नाय. फूल नाय. नारळ नाय. लोंबी कुटं लिवलीस तू?"

चिठ्ठी तिची. यादी तिची. दुसऱ्याच्या प्रोग्राममधली गळलेली ओळ शोधून नाव कमावणाऱ्या बाईच्या चार शब्दांच्या यादीतच एक शब्द गळाला होता. बाप चुकला असता तर तिनं त्याला फाडून खाल्लं असतं. तो बरोबर होता, याचाच तिला जास्त संताप आला.

"समद्या मशनींना बांधलं," चांगो हळू आवाजात म्हणाला. "परक्याच्या मशनींना बांधलं. माज्या पोरीचीच तेवडी उगडी ठिवू? मनाला पटंना गं."

"बा, त्या लोंबीनं आज माझी नोकरी जात होती!"

तेवढ्यात टिपणीस आणि टायवाला आलेच. पहिला ट्रक फाटकातून बाहेर पडत होता, त्यामुळं साहेबांची कळी खुलली होती.

"चाललं ना? जुना ड्रायव्हर परत घातलास, शहाणपणा केलास."

"बघा," टायवाला म्हणाला. "मी म्हणालो नव्हतो? कुणीही आत हात घालतो."

"नवाच ड्रायव्हर आहे, साहेब," मैना म्हणाली.

"मग झालं काय होतं?"

केबल सैल होती, असं म्हणता आलं असतं. कुणी तपासायला गेलं नसतं. पण नुसत्या शब्दावर टायवाल्यानं विश्वास ठेवला नसता, नव्या आवृत्तीवर डाग राहिला असता, आणि उद्या तिच्या खुर्चीत त्याचा माणूस बसला असता. खरं सांगावं, तर बंद खोली परवानगीवाचून उघडणारा वॉचमन समोरच उभा होता, टोपी सारखी करत. सकाळपासून ती मनात एकच ओरडत होती, की आत बघा, उघडून बघा, खरं कारण शोधा. आता कारण सापडलं होतं आणि ते तिच्या मुठीत टोचत होतं.

तिनं मूठ उघडली. "प्रिंटरच्या चाकात हे अडकलं होतं. भात."

"भात?" टायवाला खिदळला. "कुणाचं भात?"

"आमचं," मैना म्हणाली.

टिपणीसांनी तिच्याकडं बघितलं, मग चांगोकडं.

"मी बांधलं, सायेब," चांगो पुढं झाला. "पोरीला ठावं नव्हतं. किल्ली माज्यापाशी व्हती."

"बंद खोली उघडलीस? कुणाला न विचारता? अरे, एवढी वर्षं फाटकावर काढलीस आणि..." साहेबांचा चेहरा उतरला, मग कडक झाला. सोबत परका माणूस होता, त्यामुळं जरा जास्तच कडक.

"साहेब, चिठ्ठी मी लिहिली होती," मैना म्हणाली. तिचा आवाज चढला, आणि तिनं तो चढू दिला. "लोंबी त्यात नव्हती. चिठ्ठीत जे होतं त्यातलं यानं काही मोडलं नाही. चूक धरायची तर माझीही धरा."

"ते चिठ्ठीचं मला सांगू नकोस. कुलूप म्हणजे कुलूप." टिपणीस म्हणाले. "चांगो, उद्यापासून तू मागं कोळशाच्या यार्डात. फाटकावर दुसरा माणूस येईल. आणि त्या खोलीची किल्ली हिला देऊन टाक. कायमची. हिला कायम करायचे कागद मी आजच करतो." मग टायवाल्याकडं वळून म्हणाले, "तुमची सिस्टीम राहू दे सध्या. चला, चहा घेऊ."

दोघं गेले. टायवाला जाता जाता अजून हसत होता. त्याच्या टायला गाठ मारून त्याला वजनकाट्यावर टांगावं, असं मैनाला मनापासून वाटलं.

चांगोनं कमरेचा जुडगा सोडला. किल्ल्या पुष्कळ होत्या आणि कडी घट्ट होती. त्याचा अंगठा संधिवातानं आखडलेला. तो कडी फाकवत होता, ती परत मिटत होती. मैनाला हात पुढं करवेना. आपण हात लावला तर ती किल्ली आपणच बापाच्या कमरेवरून ओरबाडली असं होईल, असं वाटून ती नुसती उभी राहिली.

"कंची किल्ली?" चांगो स्वतःशीच पुटपुटला. सवयीनं. मग त्यानंच ती ओळखून सोडवली आणि तिच्यापुढं धरली.

"घे गं. आता रोज मागाया नको."

इतके दिवस हीच किल्ली हवी म्हणून ती झुरली होती. तिनं हात पुढं केला. बापाच्या कमरेला दिवसभर असल्यानं ती कोमट लागली.