नकाशाच्या पोटात सुई नको

नकाशांचं पहिलं पुस्तक कुणी छापलं यावर शिकलेले लोक खुशाल भांडोत. ते बांधलं कुणी, हे विचारायची त्यांना कधी गरजच वाटली नाही.

तेव्हा नकाशे सुटे विकत. गुंडाळी उलगडली की चारही कोपऱ्यांवर वजन ठेवायचं, नाहीतर देश आपला आपणच गुंडाळून मोकळा. या कटकटीला वैतागून एका जहाजमालकाने आपले सगळे नकाशे एका म्हाताऱ्या बांधणीवाल्याकडे एकत्र बांधायला टाकले. म्हाताऱ्याने ते इतर पुस्तकांसारखेच बांधले. मधोमध घडी, घडीत सुई, दोरा ओढला, झालं काम. पण अक्षरांच्या पानाला मध्ये कोरी जागा असते. नकाशाला मध्ये समुद्र असतो. जहाजमालकाने पुस्तक परत आणून मेजावर आपटलं.

"माझं बंदर कुठाय?"

बंदर शिवणीने गिळलं होतं.

पुन्हा बांधून द्यायचं कबूल करावं लागलं. म्हाताऱ्याची विधवा सून म्हणाली, मी बांधते. नवरा गेल्यापासून त्याच्याच मेजावर ती काम करत होती आणि त्या मेजावर दिराचा डोळा होता. सासऱ्याने अट घातली: हेही परत आलं तर मेज दिराचं, तू चिकटवायची खळ शिजवत बस.

तिने शिवण उसवली. नकाशाला सुई लावायचीच नाही, असं ठरवलं. जाड कागदाच्या पट्ट्या कापल्या, सुईदोरा त्या पट्ट्यांना घातला, आणि एकेक नकाशा पाठीमागून, घडीपाशी, पट्टीला चिकटवला. वहिनीने देश वाळत घातलेत, असं दीर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागला. त्यात पहिली खळ पातळ झाली. सकाळी नकाशे सुटून पडले होते, त्यामुळे त्याला आणखी चेव आला. तिने मुकाट्याने सगळं खरवडलं आणि घट्ट खळ शिजवली.

सासरे म्हणाले, चिकटवलेलं ते सुटणारच, बांधणी म्हणजे शिवण.

"सुटलं तर परत चिकटवीन, मामंजी," ती म्हणाली. "भोसकलेला समुद्र तुम्ही कसा बुजवणार?"

जहाजमालक आला. पुस्तक उघडलं तर नकाशा या टोकापासून त्या टोकापर्यंत सपाट पडला, मधल्या बंदरासकट. त्याने कोपरा धरून ओढून पाहिला. हलला नाही. पुस्तकाच्या शेवटी नकाशा नसलेल्या नुसत्याच पट्ट्या होत्या. या कशाला, त्याने विचारलं. सासरे ओशाळून म्हणाले, कागदाची नासाडी, दुसरं काय.

"अजून सापडली नाही त्या जमिनीसाठी," सून म्हणाली. "नकाशा हाती आला की इथेच आणा. दुसऱ्या कुणाला सुई लावू देऊ नका."

आणीन म्हणाला आणि पुस्तक काखेत मारून गेला.

दिराने आपली हत्यारं आधीच त्या मेजावर मांडून ठेवली होती. तिने ती गोळा केली, त्याच्या हातात दिली आणि बसली. सासरे ऊठ म्हणाले असते तरी ती उठणार नव्हती.