पेटत्या विहिरीचं पाणी

गॅरेजांच्या गल्लीतल्या विहिरीचं पाणी पेटलं आणि गल्लीची अक्कल विझली.

बंद पडलेल्या पेट्रोल पंपाच्या आवारात ती विहीर, आणि तिच्या काठावर अग्निबाबा. सकाळपासून शंभर माणसांची रांग. बादली वर आली की बाबा डोळे मिटून पाव तास मंत्र पुटपुटत, मग पळीने वरचंवरचं पाणी ताटलीत घेऊन काडी लावत. भक्कन जाळ होई. हाच अग्नी तुमच्या अंगातला रोग जाळील, असं बाबा सांगत. मंत्राचा अर्थ कुणालाच कळत नव्हता. बहुधा बाबांनाही नाही. ते स्वतः मात्र दुकानातलं बाटलीबंद पाणी पीत. अग्नी पचवायचं भाग्य भक्तांनाच द्यावं, एवढं त्यांचं मन मोठं.

इंजिनं दुरुस्त करणाऱ्या म्हाताऱ्या मिस्त्रीची सूनही बाटली भरून घेऊन आली. सात वर्षांच्या नातीचा खोकला महिनाभर हटत नव्हता. मिस्त्रीने बाटली हुंगली. वास आला नाही. चाळीस वर्षं पेट्रोल-डिझेलात घालवल्यावर ते त्याच्या नाकाला हवेसारखंच झालं होतं. सगळ्या गल्लीची नाकं अशीच कामातून गेलेली, म्हणून तर रांगेतल्या एकालाही शंका आली नाही.

नात शाळेत का येत नाही हे बघायला तिच्या विज्ञानाच्या बाई गॅरेजवरच्या खोलीत आल्या, तेव्हा सुनेने चमचा भरलाच होता.

"थांब," बाई म्हणाल्या. "गल्लीला पेट्रोलचा वास असायचाच. औषधाच्या चमच्याला कशाला?"

सून चिडली. डॉक्टरांचं औषध महिनाभर दिलं, त्याने काय दिवे लावले, असं तिने सुनावलं. बाई चिडल्या नाहीत. सात वर्षांच्या पोरांना शिकवणाऱ्यांना चिडून चालत नाही. त्यांनी मिस्त्रीला विचारलं, "काका, डिझेलमध्ये पाणी गेलं तर तुम्ही काय करता?"

"फिल्टरच्या काचेच्या वाटीत स्थिर होऊ देतो. पाणी खाली बसतं, डिझेल वर राहतं. मग खालच्या तोटीने पाणी..." मिस्त्री बोलता बोलता थांबला. जिना उतरून खाली गेला आणि तीच वाटी घेऊन आला.

बाटली तिच्यात ओतली. थोड्याच वेळात दोन थर दिसायला लागले, खाली पाणी आणि वर पेट्रोल.

"पाव तासाचा मंत्र कशाला लागतो, कळलं?" बाई म्हणाल्या. सुनेने नातीला जवळ ओढलं.

मिस्त्री वाटी घेऊन तडक विहिरीवर गेला, मागोमाग बाईही गेल्या. बाबांच्या बादलीतलं वरचं पाणी त्याने सगळ्यांसमोर वाटीत घेतलं, थर वेगळे होऊ दिले, तोटी उघडून खालचं पाणी सोडून दिलं आणि उरलेलं एका मोपेडच्या रिकाम्या टाकीत ओतलं. मोपेड सुरू झाली.

"बघा, यंत्रातही अग्नी उतरला," बाबा म्हणाले.

"उतरला खरा. मला तर रोज उतरवावा लागतो, आणि मला कुणी बाबा म्हणत नाही," मिस्त्री म्हणाला.

रांग हसली, तिथेच बाबांचं संपलं. मग कुणाला तरी आठवलं, की हा बाबा पूर्वी याच पंपावर पेट्रोल भरायचा पाइप धरायचा. जमिनीतली टाकी फुटून विहिरीत झिरपते हे त्याला पहिल्यापासून ठाऊक होतं.

बाईंनी रांगेला तिथेच शिकवलं. कार्बन आणि हायड्रोजन, या दोघांच्याच साखळ्या म्हणजे हायड्रोकार्बन. आखूड साखळी शेगडीतला गॅस होते, त्याहून लांब पेट्रोल, आणखी लांब मेणबत्तीचं मेण, त्याहूनही लांब रस्त्यावरचं डांबर. इंजिनात पेट्रोल इंधन असतं. पोरीच्या घशात उतरलं आणि ठसक्याबरोबर फुप्फुसात गेलं, तर जीव घेतं.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री स्वतः नातीला दवाखान्यात घेऊन गेला. डॉक्टरांनी घराची सगळी चौकशी केली आणि सांगितलं, की औषधाने खोकला दबतो, पण खोलीखाली दिवसभर इंजिनं धूर ओकतात तोवर तो बरा होणार नाही. त्याच आठवड्यात मिस्त्रीने इंजिनं तपासायचं काम गल्लीच्या टोकाच्या मोकळ्या जागेत हलवलं.

बाबाकडे जाणं सोपं असतं, कारण तो आपल्याला काहीच बदलायला सांगत नाही. कारण शोधणारा मात्र आपल्याच दाराकडे बोट दाखवतो. मुलांनो, ज्याला प्रश्न विचारता येतात त्याचंच औषध घ्या.