मधलं कुठंय?

मी दोरी बोलतेय. कपडे वाळत घालायची साधी, निळी, नायलॉनची दोरी. दुकानदारानं मला गुंडाळीतून कापलं आणि बाईंनी मला घरी न नेता थेट वर्गात आणून खिडकीपासून दारापर्यंत बांधलं. ओल्या कपड्यांचं ओझं माझ्या नशिबी आलंच नाही. माझ्या वाट्याला आल्या गोष्टी.

बाई चार कागदांवर चित्रं काढायच्या. पळणारी मुलगी, फुटलेला कप, रडणारी मुलगी, रागावलेली आई. "आधी काय? मग काय?" मुलं चिमट्यांनी कागद लावायची.

एकदा वर्गातल्या सगळ्यांत लहान पिटुकलीनं फुटका कप सगळ्यांत आधी लावला. पोरं फिदीफिदी हसली.

"थांबा रे," बाई म्हणाल्या. "सांग गं, कसं झालं?"

"कप मांजरानं फोडला. आईला वाटलं, हिनंच. म्हणून ही पळाली."

मी थक्क! कागद तेच, फक्त एकानं जागा बदलली, आणि गुन्हेगार पोरगी निर्दोष सुटली! माझ्या एवढ्याशा अंगावर असला चमत्कार घडावा?

बाई तेवढ्यावर सोडायच्या नाहीत. "मांजर कुठल्या रंगाचं? कपात काय होतं?" प्रत्येक उत्तराला नवा कागद. गोष्ट माझ्या डोळ्यांदेखत भरत जायची.

मग एका सोमवारी बाई आल्या नाहीत. 'बाई वारल्या,' एवढंच मोठ्यांनी मुलांना सांगितलं.

दीड महिन्यानं बाईंचा धाकटा भाऊ आला. वेल्डिंगच्या कामावरून तसाच उठून. कुणाला विचारणं नाही, सांगणं नाही. थेट माझी गाठ ओढायला लागला.

"ताईची आहे. घरी नेतो."

"दादा, बाईंना काय झालं?" पिटुकलीनं विचारलं.

"माझ्यामुळे गेली. चेष्टेनं चप्पल लपवली तिची, आणि ती गेली."

"मधलं कुठंय?" पिटुकली म्हणाली. "चप्पल आणि गेल्या, याच्या मधलं? बाई मधलं गाळू द्यायच्या नाहीत."

तो मटकन खाली बसला. "मधलं... चप्पल सापडली तिला."

"कुठं?"

"पिठाच्या डब्यामागं."

"मग ओरडल्या?"

"कान पिळला. म्हणाली, गाढवा, मिशा फुटल्या तरी अक्कल नाही फुटली." पोरं खिदळली. त्याच्याही ओठाचा कोपरा हलला. "मग माझ्याच कपातला अर्धा चहा प्यायली. हसत जिना उतरली. दुपारी रविवारचं सामान घेताना दुकानात चक्कर आली. डॉक्टर म्हणाले, हृदय... बऱ्याच दिवसांचं दुखणं होतं."

मग स्वतःशीच पुटपुटला, "मधे एवढं सगळं होतं होय!" आणि हमसून रडला.

मुलांनी भराभर चित्रं काढली. चप्पल, कान, चहा, जिना, दुकान. शेवटी दवाखाना.

पिटुकलीनं मान हलवली. "हे शेवटचं नाही."

"मग काय गं शेवटचं?"

"तुम्ही आलात की!" तिनं एक उंच माणूस काढला. शर्टावरची ठिणग्यांची भोकंसुद्धा विसरली नाही.

तो कागद त्यानं स्वतःच्या हातानं दवाखान्याच्या पुढे लावला. माझी ओढलेली गाठ पुन्हा घट्ट केली.

आता पोरं त्याच्याही पुढे कागद लावताहेत, आणि मी अपुरी पडतेय. कुणीतरी मला आणखी चार हात दोरी जोडा हो!