मी एकवीस दिवस ओरडत होतो

मी पंप. विहिरीवरचा नव्हे, पोकलेनच्या पोटात, मागच्या झाकणाआड बसतो तो. इंजिन मला फिरवतं, मी टाकीतलं तेल ओढून नळ्यांमध्ये ढकलतो आणि त्या तेलाच्या जोरावर तो लांबलचक लोखंडी हात उठतो, वाकतो, माती उपसतो. लोक हाताचं कौतुक करतात. माझं नाव कुणाला आठवतं, तर मी बिघडल्यावर.

माझे पितळी आणि पोलादी भाग इतके नेमके बसवलेले, की मधल्या फटीत केससुद्धा जायचा नाही. तिथे फक्त तेलाचा पातळ थर असतो. तो नीट राहिला तर मी वर्षानुवर्षं गुणगुणत राहतो.

माझा ऑपरेटर म्हणजे सगळ्या साइटचा दादा. काम पाण्याच्या पाइपलाइनचं. खाली चरात त्याचा सख्खा धाकटा भाऊ फिटर होता. दादा वरून पाइप सोडायचा, धाकटा तो जोडायचा. रोज सकाळी दादा इंजिन सुरू करून झाकण उघडायचा आणि दहा मिनिटं माझ्या अंगावर तळवा ठेवून उभा राहायचा. "तेलाला जरा ऊब येऊ दे, मग जुंपू याला," म्हणायचा. मला तो माणूस फार आवडायचा.

अठरा वर्षं यंत्रांच्या गोंगाटात बसून दादाचे कान गेले. त्यात माझाही हातभार होता, खोटं कशाला बोलू? हे फक्त धाकट्याला ठाऊक होतं. तो चरातून हातानं खुणा करायचा. कुणी दादाला हाक मारली तर आधी स्वतःच ओ द्यायचा. डॉक्टरांच्या तपासणीत हे उघड झालं असतं तर दादाला यंत्रावरून उतरवलं असतं. उतरलेला दादा धाकट्याला बघवला नसता.

यंदा ऐन थंडीत तेल बदलायची वेळ आली. थंडीत मला पातळ तेल लागतं. स्टोअरकीपर म्हणाला, "उन्हाळ्याचं जाड तेल दोन बॅरल पडून आहे. आधी ते संपवा. तेल ते तेल."

"अहो साहेब, थंडीत ते मधासारखं होतं. पंपाला ओढवत नाही," दादा म्हणाला. त्यानं साहेबाच्या ओठांकडे बघूनच वाद घातला.

"मग जोर लावू दे की त्याला! आणि ते सकाळचं हात शेकणं आजपासून बंद. डिझेल फुकट येत नाही," शेजारी उभ्या साइट-सुपरवायझरनं सुनावलं.

झालं. पहाटेच्या गारठ्यात ते तेल माझ्यापर्यंत वेळेवर पोचेना. माझ्या आत पोकळ्या पडायच्या, त्यातले बुडबुडे फुटताना माझं पितळ कुरतडायचे. मी किंचाळू लागलो. डब्यात खडे घालून हलवावे तसा आवाज. साइटवरचे लोक दोन दिवस कानांवर हात ठेवून फिरले, तिसऱ्या दिवशी सरावले.

जेवायला बसल्यावर दादानं विचारलं, "लिव्हरला थरथर लागतेय रे. पंपाचा आवाज कसा आहे?"

धाकट्याचा घास हातातच राहिला. पंप उघडायचा म्हणजे इंजिनिअर येणार. एवढा आवाज तुला कसा ऐकू आला नाही, असं दादाला विचारणार.

"नेहमीचाच आहे."

"नक्की?"

"अरे हो! थंडीत तूही कुरकुरतोसच की."

दादा हसला. धाकटा मात्र गुपचूप दोनदा स्टोअरकीपरकडे जाऊन आला. पातळ तेल मागवा म्हणून हातापाया पडला. "थंडी संपतच आली," एवढंच उत्तर मिळालं.

माझा कीस तेलात उतरत होता. फिल्टर त्यानं तुंबला, मग तेल फिल्टरला वळसा घालून तसंच पुढे जाऊ लागलं. एकविसाव्या दिवशी, पाइप चरावर लटकत असताना, माझ्याच पितळाचा एक कण व्हॉल्व्हमध्ये अडकला. दादानं लिव्हर सोडली. लोखंडी हात थांबला नाही, खाली जातच राहिला. धाकटा ओरडला. रस्त्यापलीकडच्या घरातल्या बाईनं ते ऐकून खिडकी उघडली. दादा लिव्हर मागे खेचत राहिला. त्यानं खाली पाहिलं तेव्हा खुणा करणारे हात कुठे दिसत नव्हते.

आता मी मेकॅनिकच्या टेबलावर उघडा पडलोय. धाकट्याला जाऊन नऊ दिवस झाले. काल दादा आला. "मला ऐकू येत नाही. लिहून सांग," म्हणाला. हे तो परक्या माणसाजवळ पहिल्यांदाच बोलला.

"हा कधीपासून ओरडत असेल?"

मेकॅनिकनं टेबलावर खडूनं लिहिलं, 'तेल बदललं तेव्हापासून. एकवीस दिवस.'

"खाली चरात ऐकू जात असेल?"

मेकॅनिकनं मान हलवली. हो.

"मी विचारलं होतं त्याला," दादा म्हणाला. मग पुन्हा तेच म्हणाला.

उद्या मला भंगारात नेतील. माझ्या जागी येणाऱ्या पंपाला ऋतू बघून तेल द्या, सकाळी दहा मिनिटं द्या. आणि त्याचा आवाज बदलला तर ज्याला ऐकू येतं त्यानं बोला. मायेपोटीसुद्धा गप्प राहू नका.

जाताना दादानं माझ्या अंगावर तळवा ठेवला. रोजच्यासारखा बराच वेळ उभा राहिला. मी गारच होतो.