रोशनचा हात

डॉ. मुग्धा देशकरांची नागपुरातली प्रयोगशाळा एकाच प्रश्नामागे होती. पेशी आपला कचरा बारीक पिशव्यांत भरून विरघळवायला नेते. या वाहतुकीत रॅब नावाचं छोटं प्रथिन बटणासारखं काम करतं: जीटीपी नावाचा रेणू धरला की चालू, त्याचंच वापरलेलं रूप, जीडीपी, धरलं की बंद. बाईंचं म्हणणं होतं, की त्यांना सापडलेलं जोडप्रथिन फक्त चालू रॅबलाच पकडतं आणि पिशवीला पुढच्या यंत्रणेशी जोडून देतं.

हे पडताळायचं काम त्यांच्याकडे पीएचडी करणाऱ्या रोशन गजभियेकडे होतं. भिवापूरचा मुलगा, बोलणं कमी, वही चोख. कायम चालू आणि कायम बंद राहणारे रॅब बनवायचे डीएनए बाईंनी स्वतः तयार करून दोन नळ्यांत ठेवले होते. रोशनने प्रयोग केला, तर जोडप्रथिन बंद रॅबला चिकटलं, चालूला नाही. पुन्हा केला, पुन्हा तेच. असं अकरा वेळा झालं.

"मॅडम, नळ्यांतला डीएनए एकदा वाचून घ्यायचा काय?" त्याने विचारलं.

"त्या मी बनवल्यात," बाई म्हणाल्या.

मंगळवारच्या बैठकीत, आठ जणांसमोर, त्यांचा तोल सुटला. "रोशन, तुझा हातच स्वच्छ नाही. काही लोकांना हे काम जमतच नाही."

पुढच्या महिन्यात रोशन पीएचडी अर्धवट ठेवून उमरेडच्या कॉलेजात शिकवायला लागला.

दिवाळीनंतर भैरवी नावाच्या नव्या मुलीने फ्रीजरची यादी करताना सगळ्याच नळ्या तपासायला पाठवल्या. अहवाल आला. त्या दोन नळ्यांवरच्या नावांची अदलाबदल झाली होती, आणि अक्षर बाईंचं होतं. म्हणजे 'बंद' लिहिलेल्या नळीतला रॅब खरं तर चालू होता, आणि रोशनची अकराही उत्तरं बरोबर होती. बाईंना आधी आनंद झाला, आपलं म्हणणं खरं ठरलं म्हणून. मग रोशन आठवला, आणि त्या आनंदाचीच त्यांना शरम वाटली.

शनिवारी त्या उमरेडला गेल्या. तो वर्गातून बाहेर येत होता.

"मॅडम? तुम्ही काहून आल्या एवढ्या दूर?"

त्यांनी अहवाल पुढे केला, सगळं सांगितलं, माफी मागितली. रोशनने कागद शांतपणे वाचला.

"नळीचं मले काही नाही, मॅडम. चूक होते. पण तुम्ही हाताचं बोलल्या. आमच्या घरात तो शब्द नवीन नाही. माझ्या आजोबांनीही ऐकलाय."

"माझ्या मनात तसं नव्हतं रे," त्या म्हणाल्या, आणि म्हणतानाच त्यांना कळलं की आपण अजून स्वतःलाच वाचवतोय.

"तिथंच बोला," रोशन म्हणाला, "ज्यांच्यासमोर बोलल्या होत्या. मी येतो."

मंगळवारी तो आला, दाराशीच उभा राहिला. बाईंनी दोन्ही नळ्या टेबलावर ठेवल्या. "चूक माझी होती. आणि मी रोशनला जे बोलले, ते कुणीच कुणाला बोलू नये."

बैठकीनंतर त्यांनी विचारलं, "परत येशील?"

"पीएचडी करीन, मॅडम. पण तुमच्याकडे नाही."

मार्गदर्शक बदलायचा अर्ज त्याने सोबतच आणला होता. कारणाच्या रकान्यात त्याने 'वैयक्तिक' लिहिलं होतं. बाईंनी ते खोडलं, 'मार्गदर्शकाचं वागणं' असं लिहिलं आणि खाली सही केली.