तुरीतलं बुजगावणं

त्या सालात हिवरखेडात कापसाशिवाय कोणी काही बोलत नव्हतं. कुठल्याशा दूरच्या मुलखात लढाई पेटली, विलायतेच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि वऱ्हाडातल्या पऱ्हाटीला सोन्याचा भाव आला. माणसं एवढी हुरळली की वरणाला तूर लागते हेच विसरली. ज्वारीसुद्धा दोन-चार हट्टी लोकांनीच पेरली.

शेषरावांनीही सगळी जमीन कापसाखाली घातली असती; बायको मनकर्णा आडवी आली म्हणून धुऱ्याकडचं, म्हणजे बांधालगतचं, एक वावर तुरीला राहिलं. मागच्या साली तिथं अळीनं शेंगांची चाळणी केली होती. म्हणून त्यांनी मनकर्णेला बजावलं, की यंदाही अळीनं तूर खाल्ली तर पुढच्या सालापासून तिथं कापूसच, मग कुरकुर ऐकणार नाही. मनकर्णा बरं म्हणाली. सगळ्यांनीच कापूस पेरल्यावर वरणात काय कापूस शिजवायचा, हे तिनं मनातच ठेवलं. आपल्या नवऱ्याला तोंडानं सांगून कळत नाही, शेंगांनी कळतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

मार्गशीर्षात शेंगा धरल्या आणि अळी आलीच. गावची रीत सोपी होती. झाडाखाली धोतर पसरायचं, झाड हलवायचं, पडलेल्या अळ्या गोळा करून जाळायच्या. पण सासू मैनाबाई महानुभाव पंथाची, अंगावरचा मुंगळासुद्धा उचलून पानावर ठेवणारी. जाळायचं नाव काढताच तिनं टोपली ओढून घेतली, अळ्या धुऱ्यावरच्या गवतात अलगद सोडल्या आणि सुखानं राहा म्हणाली. त्या सुखानं राहिल्याही, पण तुरीत. दुसऱ्या दिवशी ये रे माझ्या मागल्या.

मनकर्णेला इतका राग आला की टोपली टाकून ती धुऱ्यावर जाऊन बसली. पलीकडे शेजारी शालिकराम ज्वारी राखत होता. त्याच्या गोफणीतून दगड सुटला की साळुंक्यांचा थवा उठायचा आणि तुरीच्या कडेच्या तासांवर, म्हणजे ओळींवर, उतरायचा. आत मात्र एकही साळुंकी जात नव्हती. आत मधोमध शेषरावांची फाटकी बंडी घालून बुजगावणं उभं होतं. वावर पेरलं की बुजगावणं उभं करायचं, ही घरातली सवय. कशासाठी, ते कोणी विचारलंच नव्हतं. मनकर्णा उठून कडेची झाडं बघून आली. तिथल्या शेंगा धड होत्या. बुजगावण्याच्या भोवतीची झाडं सगळ्यात जास्त पोखरलेली होती.

तिनं बुजगावणं उपटलं. पाखरांना बसायला तासातासांत बाभळीच्या फांद्या रोवल्या आणि शालिकरामला सांगितलं, की तुझी पाखरं इकडंच हाकल. फुकटात ब्याद टळते म्हणून तो खूश झाला.

शेषराव मात्र कापसाची वेचणी सोडून धावत आले. पाखरं शेंगाच खाऊन टाकतील, असं त्यांचं म्हणणं. मनकर्णेनं शांतपणे सांगितलं, की ज्वारीचं कणीस उघडं असतं, तुरीचा दाणा सालीत असतो. ती फोडतो राघू, आणि राघू आले तर मी आहेच हाकलायला. शेषराव पाय आपटत परत गेले.

सासूचा प्रश्न अवघड होता.

"पाखरं त्या जिवायले खातीन. मंग ते पाप कोनाच्या माथी?"

"आत्याबाई, मी कोनाले मारून नाई राहिली," मनकर्णा म्हणाली. "पाखरं जेवाले येत व्हती. त्यायच्या वाटंत आपनच मानूस उभा केला व्हता. तेवढा काढला."

दुसऱ्या दिवशी फांद्यांखाली मैनाबाईनं पाण्यानं भरून ठेवलेलं एक गाडगं दिसलं, आणि मनकर्णेचा जीव भांड्यात पडला.

साळुंक्यांच्या मागोमाग कोतवाल पक्षी आले. सकाळ-संध्याकाळ वावरात नुसता कलकलाट. मनकर्णा टाळ्या वाजवून तेवढे राघू उठवायची.

तूर खळ्यावर आली तेव्हा गावातल्या बाया डाळ मागायला टोपल्या घेऊनच आल्या. ज्यांच्या घरात कापसाच्या गंज्या लागल्या होत्या, त्यांच्याच बाया. शेषराव राशीपाशी बसून किडका दाणा शोधत होते. सापडले, पण फार थोडे. त्यांनी एक दाणा दाताखाली फोडला, बायांकडं पाहिलं, आणि लग्न झाल्यापासून पहिल्यांदा शेतातलं काही बायकोला विचारलं.

"मंग पुढच्या सालाले कापूस कुठं लावू?"

मनकर्णा सूप हलवत म्हणाली, "तुरीतून जागा उरंल तिथं."